एकोडीचे आकाश

जून महिन्याची सात-आठ तारीख आली की एकोडी गावात एकच वाक्य घरोघरी ऐकू येते : ‘मृग लागले.’ भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील हे धानाचे गाव. बांधावर उभा असलेला शेतकरी पश्चिमेकडील ढगांचा अदमास घेऊ लागतो. पोत्यातील बियाणे बाहेर निघते आणि पऱ्हे कोणत्या बांधीत टाकावयाचे याची बोलणी सुरू होतात. उन्हाळ्याच्या सुटीत नागपुराहून गावच्या घरी आलेला एखादा मुलगा हे सारे ऐकतो आणि रात्री अंगणातील खाटेवर पडल्या पडल्या आकाशात मृग शोधू लागतो. पुस्तकातील चित्र त्याच्या ध्यानात असते : चार पायांचे हरीण आणि त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. ढगांची फट मिळाली, तीतून तारेही दिसले, तरी ते हरीण काही दृष्टीस पडत नाही. तो आजोबांना विचारतो. आजोबांनी उभ्या जन्मात साठ वेळा मृगाचा पाऊस पाहिलेला असतो. परंतु आकाशातील मृग कोठे असतो, हे त्यांनाही सांगता येत नाही.

मृग लागले आणि मृग दिसेना, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री मिळत नाही. त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागते.

अशी घरे आता गावोगावी आहेत. आजी-आजोबा मुलाकडे शहरात राहावयास गेलेले असतात. घराला कुलूप असते. ते दिवाळीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा उघडते, तेव्हा शेणाने सारवलेल्या अंगणात पुन्हा खाटा येतात. आकाश पाहणाऱ्याला दिवाळीची सुटी विशेष सोयीची. दिवाळी अमावास्येची, म्हणून त्या सुमारास कित्येक रात्री चंद्राचा उजेड आड येत नाही. पावसाने हवेतील धूळ धुऊन काढलेली असते आणि थंडीचे दाट धुके अजून तलावांवर उतरलेले नसते.

अंगणात आल्याबरोबर आकाशाकडे पाहून ‘काही दिसत नाही’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. दोष आकाशाचा नसतो. उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्यांना मंद तारे दिसू लागावयास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मध्येच कोणी विजेचा दिवा लावला की ही सारी कमाई क्षणात जाते. म्हणून नकाशा पाहावयाचा झाल्यास विजेरीच्या काचेवर तांबडा जिलेटिनचा कागद बांधावा. तांबड्या उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत. आणखी एक युक्ती जुन्या निरीक्षकांना ठाऊक होती. फार मंद तारा नजर रोखून पाहिला तर नाहीसा होतो, पण त्याच्या किंचित बाजूला पाहिले की दिसतो. बुबुळाच्या सरळ मागे, डोळ्यातील पडद्याच्या मध्यभागी, रंग व बारकावे ओळखणाऱ्या पेशी दाटलेल्या असतात. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या भागाच्या सभोवती असतात.

आकाश मोजावयास महागडी साधने लागत नाहीत. हात पुढे ताठ धरून मूठ आवळली, तर तिची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. बोटे फाकून धरलेली वीत सुमारे २० अंश, आणि करंगळीची जाडी एक अंश. एकोडी सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून तितक्याच अंशांवर, म्हणजे दोन मुठींवर, उभा असतो. श्रीनगरच्या मुलाला तो साडेतीन मुठींवर दिसतो, तर कन्याकुमारीच्या मुलाला मूठभरही नाही. ध्रुव हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तसे मुळीच नाही. त्याहून तेजस्वी तारे कितीतरी आहेत. त्याचा मोठेपणा इतकाच, की सारे आकाश फिरत असता तो जवळजवळ जागा सोडीत नाही.

दिवाळीच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून ध्रुव शोधण्यासाठी शर्मिष्ठेची मदत घ्यावी लागते. ईशान्येस पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी माळ दिसते, तीच शर्मिष्ठा. तिच्या मधल्या ताऱ्यापासून खाली उत्तरेकडे तीन मुठी अंतरावर एकटा असा जो मध्यम तेजाचा तारा दिसतो, तो ध्रुव. एकदा तो सापडला की दिशा पक्क्या होतात. शर्मिष्ठेच्या माळेत दोन कोन आहेत. त्यांतील अधिक टोकदार कोनाचा रोख धरून दीड मूठ पुढे गेले, की धुरकट डाग असावा तसे काहीतरी दिसते. ती देवयानी दीर्घिका. तो तारा नव्हे, ती अब्जावधी ताऱ्यांची वसाहत आहे. तिचा जो प्रकाश एकोडीच्या अंगणात पोचतो, तो सुमारे २५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला असतो. नुसत्या डोळ्यांनी माणसाला याहून फारसे दूरचे काही दिसत नाही. आणि नेमके हेच सर्वांत आधी हरवते : घरापुढे एक दिवा लागला की देवयानी गेलीच.

रात्री साडेआठाच्या सुमारास पूर्व-ईशान्य दिशेला बारीक ताऱ्यांचा एक घोस वर आलेला दिसतो. या कृत्तिका. साध्या डोळ्यांना त्यांत सहा तारे मोजता येतात. चांगल्या नजरेला सातवाही दिसतो. कार्तिक महिन्याला नाव मिळाले ते यांच्यावरून. या घोसाशी एका मराठी पंडिताची मोठी कामगिरी निगडित आहे. कोकणातील मुरूड येथे १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. आकाशाची ओळख सामान्य वाचकाला व्हावी म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले, आणि १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा थोरला इतिहास प्रसिद्ध केला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे, तिकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांच्या काळी, आणि आजही, कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत नाहीत. मग तो उल्लेख खोटा काय? दीक्षितांनी तसे मानले नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांडीसारखा अतिशय सावकाश डुलतो. एका फेरीला त्याला जवळजवळ २६,००० वर्षे लागतात, आणि त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा शतकानुशतके सरकत जातात. कृत्तिका नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत होत्या याचे गणित मांडून दीक्षितांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला. त्या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले. ताऱ्यांचे सरकणे मात्र निर्विवाद आहे, आणि एकोडीतील मुलाला ते आपल्या मुठीने मोजता येते.

मात्र त्यासाठी नेमकी पूर्व कोठे, हे आधी कळावयास हवे. ते दाखवितो मृग.

नोव्हेंबरच्या आरंभी रात्री नऊ वाजून गेले की पूर्वेस झाडांच्या शेंड्यांवर तीन तारे, एकावर एक ठेवावेत तसे, उभ्या ओळीत वर येतात. हाच हरणाच्या पोटातील बाण. आकाशाच्या बरोबर मध्यावरून, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, जी विषुववृत्ताची रेषा कल्पिली आहे, तिच्या अगदी लगत हे तारे आहेत. त्यामुळे ते पृथ्वीवर कोठूनही पाहिले तरी नेमके पूर्वेस उगवतात व नेमके पश्चिमेस मावळतात. ज्या झाडाच्या किंवा घराच्या आडून ते वर आले त्याची खूण ध्यानात ठेवावी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृत्तिका क्षितिजालगत असताना त्या खुणेपासून डावीकडे मुठी मोजाव्यात. जवळजवळ अडीच मुठी भरतात. पाच हजार वर्षांत आकाश किती सरकले, त्याचे हे माप.

दहा वाजेपर्यंत सारे हरीण क्षितिजाबाहेर येते. चार पायांचे चार तारे. त्यांतील डावीकडचा काक्षी तांबूस, तर उजवीकडचा राजन्य निळसर पांढरा. रंगांचा हा भेद साध्या डोळ्यांनाही कळतो. निळसर तारा अधिक तप्त आणि तांबूस तारा त्या मानाने थंड असतो. लोहाराच्या भट्टीतील लोखंडाचा रंग ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही. बाणाची रेषा वरच्या बाजूस वाढविली की तांबूस रोहिणी लागते, आणि तिच्यापुढे कृत्तिका. खालच्या बाजूस वाढविली की ती व्याधापाशी जाते. व्याध उगवतो पावणेअकराच्या सुमारास. रात्रीच्या आकाशातील सर्व ताऱ्यांत हा तेजस्वी, कारण तो जवळचाही आहे. त्याचा प्रकाश येथे पोचावयास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ पुरतो. पाचवीतील मुलाने आज जो व्याध पाहिला, त्याचा प्रकाश निघाला तेव्हा ते मूल अगदी लहान असेल.

एका ओळखीच्या ताऱ्यावरून दुसऱ्या अनोळखी ताऱ्याकडे जाणे, हीच आकाश शिकण्याची खरी रीत. नकाशा घेऊन एकदम अठ्ठ्याऐंशी तारकासमूह पाठ करू पाहणारा बहुधा तिसऱ्या रात्री कंटाळतो.

दिवाळीची पहाट तर दवडूच नये. अभ्यंगस्नानासाठी घर चार वाजता जागे होते. पाणी तापेपर्यंत अंगणात उभे राहावे. रात्री पूर्वेस पाहिलेला मृग आता दक्षिणेकडे उंच चढून पश्चिमेस कललेला असतो, आणि ईशान्येस सप्तर्षी वर आलेले असतात. ऋषींची नावे शाळेत पाठ होतात : क्रतु, पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस, वसिष्ठ, मरीचि. परंतु खेड्यातील जुन्या माणसांना त्या ठिकाणी ऋषी दिसत नाहीत. त्यांना दिसते म्हातारीची खाट. चौकोनाचे चार तारे हे खाटेचे चार खूर, आणि मागचे तीन तारे हे ती खाट पळवू पाहणारे तीन चोर. महाराष्ट्राच्या कित्येक गावांत ही गोष्ट सांगतात. विदर्भाच्या भूमीत गोंड समाजाची वस्ती फार जुनी. त्यांच्यातही हीच खाट व हेच चोर आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळते, की मृगाच्या बाणाच्या जागी गोंड शेतकऱ्याला नांगर दिसतो. हरीण मारणाऱ्याला बाण दिसला, भुई नांगरणाऱ्याला नांगर दिसला, तारे तेच. पुस्तकातील नाव तेवढे शुद्ध आणि म्हातारीची खाट अडाणीपणाची, असे ज्याला वाटते त्याने एवढे ध्यानात घ्यावे, की खाटेवर निजून आकाश पाहणाऱ्यानेच ही गोष्ट रचली असणार.

शिवाय ती गोष्ट उपयोगाची आहे. आधी खाट उगवते आणि मग एकामागून एक चोर वर येतात. नोव्हेंबरच्या प्रारंभी तिसरा चोर क्षितिजावर येतो तेव्हा पहाटेचे साडेतीन होऊन गेलेले असतात. कापणीस आलेल्या धानाची रानडुकरांपासून जागल करणाऱ्याला, मनगटावर घड्याळ नसताना, रात्र किती उरली हे एवढ्यावरून कळे.

मात्र हे घड्याळ रोज चार मिनिटे पुढे जाते. आज नऊ वाजता उगवलेला तारा उद्या नवाला चार मिनिटे कमी असताना उगवतो, महिन्याने सातास उगवतो, आणखी काही आठवड्यांनी सूर्यास्ताबरोबरच उगवतो. याचे कारण समजण्यासाठी अंगणातील तुळशीवृंदावन पुरे. वृंदावनात पणती आहे, एका अंगाला गोठा आहे आणि दुसऱ्या अंगाला चिंच आहे असे समजावे. पणती हा सूर्य, आणि प्रदक्षिणा घालणारे मूल ही पृथ्वी. मूल गोठ्याच्या बाजूस असताना पणतीकडे पाठ केली की समोर गोठा दिसतो. ही त्याची रात्र. त्या वेळी चिंच पणतीच्या पलीकडे राहते आणि ज्योतीच्या झगमगाटात लोपते. अर्धी प्रदक्षिणा झाली की चिंच समोर येते आणि गोठा पणतीआड जातो. पृथ्वीला ही अर्धी प्रदक्षिणा घालावयास सहा महिने लागतात.

आता जूनमधील कोडे उलगडते. ‘मृग लागले’ याचा अर्थ मृग नक्षत्र रात्री दिसू लागले, असा नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला, असा त्याचा अर्थ आहे. सत्तावीस नक्षत्रांतून सूर्याची फेरी एका वर्षात पुरी होते, म्हणून एकेका नक्षत्रात तो साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. रोहिणी, मृग, आर्द्रा ही शेतकऱ्याची सारी पावसाळी नक्षत्रे सूर्याची आहेत. ज्या नक्षत्रात सूर्य आहे ते दिवसा त्याच्याबरोबर उगवणार आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर मावळणार; रात्री ते दिसेल कसे? महिन्यांच्या नावांची गोष्ट अगदी उलट. ती पौर्णिमेच्या चंद्रावरून पडली, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. म्हणून कार्तिकात कृत्तिका, मार्गशीर्षात मृग आणि चैत्रात चित्रा रात्रभर आकाशात असतात. ज्यांनी ही नावे ठेविली त्यांनी आकाश पाहून ठेविली. पुढे नावे तोंडी राहिली आणि पाहणे मागे पडले. ‘मृगाचा पाऊस’ म्हणणाऱ्या किती जणांनी मृग पाहिला असेल, असा प्रश्न एखाद्याने गावच्या पारावर विचारून पाहावा.

आणि आता पाहू म्हटले तरी आकाश पूर्वीसारखे उरलेले नाही. खेड्यांत वीज आली ही इष्टच गोष्ट झाली. रात्री साप-विंचवाच्या भयाने चाचपडत जाणाऱ्याला दिव्याचे मोल ठाऊक असते. पण रस्त्यावरच्या दिव्याचे काम रस्ता उजळण्याचे, आकाश उजळण्याचे नव्हे. टोपी नसलेला उघडा दिवा आपल्या प्रकाशाचा मोठा भाग आजूबाजूला आणि वर उधळतो. तो प्रकाश हवेतील धूलिकणांवर व बाष्पावर पसरून तारे झाकतो. नव्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांत निळसर प्रकाशाचा अंश अधिक असतो, आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवस निळा दिसतो तो याच कारणाने. अंधाऱ्या गावातून एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. मोठ्या शहराच्या मध्यभागी ते बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि आकाशगंगेचा तर मागमूसही राहत नाही. एकोडीसारख्या गावाच्या क्षितिजावरही शहराच्या बाजूस फिकट उजेडाचा घुमट दिसू लागला, की त्या अंगाचे मंद तारे गेले असे समजावे.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. तेथील जंगलालगतच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून प्रकाश खाली जमिनीवरच पडेल असे बसविण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने पेंचला अंधाऱ्या आकाशाचे संरक्षित स्थान म्हणून मान्यता दिली. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले उद्यान ठरले. तेथील रस्ते काळोखात बुडालेले नाहीत, दिव्यांची तोंडे तेवढी खाली झाली आहेत. अंगणातील दिव्याला पत्र्याची टोपी घालणे, आणि घर निजल्यावर तो मालविणे, यासाठी मात्र कोणाच्या मान्यतेची गरज नाही.

दिवाळीची सुटी संपते. घराला कुलूप लागते. मार्गशीर्षात मृग संध्याकाळीच उगवतो, माघात तो तिन्हीसांजेला उंच चढलेला असतो, चैत्रात पश्चिमेकडे कलतो. शहरातील गच्चीवरूनसुद्धा त्याचे तीन तारे ओळखता येतात, कारण ते तेजस्वी आहेत. मेच्या मध्यावर मूल पुन्हा एकोडीस येते, तेव्हा उत्तरेस म्हातारीची खाट उंच असते, तिचे तीन चोर मागे ओळीने उभे असतात, आणि सूर्य मावळल्यावर पश्चिमेच्या तांबूस उजेडात हरीण जेमतेम दिसते. रोज ते थोडे थोडे खाली उतरते. महिनाअखेरीस संधिप्रकाशात ते पार दिसेनासे होते.

मग जूनची सात-आठ तारीख येते. ‘मृग लागले,’ असे आजोबा म्हणतात. मुलगा या वेळी रात्रीची वाट पाहत नाही. तो भर दुपारी अंगणात उभा राहून, डोळ्यांवर हात धरून, सूर्याच्या बाजूस बोट दाखवितो आणि आजोबांना सांगतो, की हरीण तेथे आहे.